दोन भोपळ्यांवर दोन हेडफोन

"ते समदं खरं चाचा, पण दोन्हींतला चांगला कुठला?"

बिरूनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

दस्तगीरचाचांनी तंबोऱ्याच्या घोडीवरून कानस फिरवली. एकदाच. मग फुंकर मारली. बोटानं भुकटी पुसली.



मिरजेतल्या त्या लांबोळक्या खोलीत माणसांपेक्षा भोपळे जास्त होते. आढ्याला टांगलेले, भिंतीला टेकलेले, दाराआड दडलेले. चाचांची पन्नास वर्षं ह्या भोपळ्यांचे तंबोरे करण्यात गेली होती. आता जड उचलणं, ठोकणं जमत नसे, म्हणून बाकीचं काम पुतण्यांकडे गेलं होतं. जवारी मात्र अजून चाचाच काढत. तार छेडल्यावर ती नुसती वाजून गप्प बसू नये, मागं गुंजत राहावी, म्हणून तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा कानशीनं केसाएवढा उतरवायचा. केसाएवढा म्हणजे केसाएवढाच. दोन केस गेले की घोडी चुलीत.

लोक म्हणत, दस्तगीरचाचांकडे बसलं की वाजवायला काही येत नाही, ऐकायला येतं.

बिरूचा थोरला भाऊ मायाप्पा, त्याचा अण्णा, इथं चार वर्षं येऊन बसला होता. त्याचा धंदा साउंडचा. जत्रा, भजनाच्या स्पर्धा, लग्नं. भोंगे टांगायचे आणि मिक्सरपाशी बसायचं. गावं हादरवणारा माणूस दर गुरुवारी इथं येऊन एका तारेपाशी मांजरासारखा गप्प बसायचा.

आज त्या जागेवर बिरू बसला होता. डोक्यावर अर्ध्या बोटाचे केस. दीड महिन्यापूर्वी दहाव्याला भादरलेलं डोकं ते. ह्या दीड महिन्यात त्यानं एक काचेचा जग फोडला होता, गाडीचा आरसा मोडला होता, आणि अण्णाचा धंद्यातला जोडीदार विलास ह्याच्याशी बोलणं तोडलं होतं.

पुढ्यात दोन हेडफोन होते. दोन्ही अण्णाचे.

"दवाखान्यात अण्णा म्हणला," बिरूनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, "बिरू, दोन हेडफोन हायत. चांगला तुला. दुसरा विलासला दे. मी म्हणलं, चांगला कुठला? तर हसला. म्हणला, ऐकशील तर कळंल. दोन दिवसांनी..."

तो थांबला. नाक ओढलं.

"आणि मी ऐकलं की चाचा! दीड महिना ऐकतोय. ह्याच्यावर एक गाणं, त्याच्यावर तेच गाणं. कान सुजले. कळंना."

"विलास काय म्हणतो?"

"म्हणतो, कुठला बी दे." बिरूच्या भुवया चढल्या. "असं कोण म्हणतं चाचा? ज्याला आतलं ठावं असतं, त्योच म्हणतो कुठला बी दे. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

"शिजतंय खरं," चाचा म्हणाले. "वास येतोय."

तो आतल्या खोलीतून येत होता. आमटीचा.

"पोरा," आतून चाचींचा आवाज आला, "ताट वाढू काय?"

"भूक न्हाई चाची."

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"चहा खातोय म्हणं," चाची भांड्यांना म्हणाल्या.

चाचांनी कानस खाली ठेवली. "सांग. काय काय कळलं तुला?"

बिरू ह्याचीच वाट बघत होता. तो सरसावून बसला. नववीत शाळा सुटली असली म्हणून काय झालं, ह्या विषयावर त्यानं त्रेचाळीस व्हिडिओ पाहिले होते.

"हा काळा. जाळीचा. ह्याला ओपन म्हणत्यात. ह्याचं साउंडस्टेज मोठं. म्हंजे डोळं मिटलं की तबला डावीकडं दोन हातांवर, पेटी उजवीकडं, आणि गाणारी बाई बरोब्बर मधी."

"कुणाच्या मधी?"

"डोक्याच्या."

"हळू बोल. चाचीला ऐकू जाईल."

"आणि हा लाकडाचा. ह्यो बंद. बेस निस्ता खोल, पोटात उतरतो. आक्रोडाच्या वाट्या. हातानं घासलेल्या. दिसायला तर राजा. मला तर वाटतं ह्योच चांगला. जाळीचा जत्रेत काय कामाचा? बाहेरचा समदा गोंधळ आत येतो. अण्णानं घेतलाच कशाला, कुणाला ठावं!"

चाचांनी लाकडाचा उचलला. वाटीवरून अंगठा फिरवला. नखानं टिचकी मारली. मग दोन्ही हातांनी धरून, मक्याचं कणीस खावं तसा, वाटीला दात लावला.

"चाचा! दात!"

चाचा डोळे मिटून होते. टिचकी मारत होते आणि दातानं ऐकत होते. मायाप्पानं सांगितलेलं बिरूला आठवलं, चाचा घोडीचं लाकूड असंच पारखतात. पण ते घोडीचं. इथं आख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा हेडफोन नव्हता.

"आक्रोड खरा आहे," चाचा म्हणाले. "उजवी वाटी सकाळी घासलीय. डावी घासताना कारागिराला घरी जायची घाई होती."

बिरूनं घाईघाईनं वाटी शर्टाला पुसली. बारीक दोन खुणा उमटल्या होत्या.

तोवर चाचांनी जाळीच्या हेडफोनलाही दात लावला होता.

"ह्याला चव नाही."

"मग लाकडाचा चांगला!"

"मी चवीचं सांगितलं."

बिरूनं कपाळावर हात मारला. "चाचा, घालून बघा की! थांबा, मोबाइलला पिन लावतो, एक नंबर गाणं..."

पण चाचांनी जाळीचा डोक्यावर चढवलासुद्धा. पिन जमिनीवर लोळत होती. चाचा ताठ बसले. डोळे मिटले. चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. मान डोलली.

"वा..."

"चाचा, पिन लावली न्हाई."

"हं. म्हणूनच. चाची म्हणतेय, मीठ संपलं."

"खरंच संपलंय!" आतून आवाज आला. "सकाळपासून तीनदा सांगितलं. तवा कुठं होते कान?"

चाचांनी जाळीचा काढला, लाकडाचा चढवला. चाचींचं बोलणं चालूच होतं. मिठावरून गाडी चाचांच्या भावकीवर आली होती. चाचांनी दोन्ही वाट्या तळव्यांनी दाबल्या, आणि पहिल्यापेक्षाही मोठं समाधान त्यांच्या तोंडावर आलं.

"सुभानअल्ला," ते म्हणाले. "भारी माल आहे."

"काय ऐकू येतंय?"

"काय म्हणालास?"

"म्हणलं, काय ऐकू येतंय?"

"कायसुद्धा नाही!"

बिरूला आता राग यायला लागला होता. चाळीस किलोमीटर उन्हातून गाडी मारत आलो ते काय म्हाताऱ्याची थट्टा ऐकायला? त्यानं लाकडाचा हेडफोन ओढून घेतला, आपल्या डोक्यावर बसवला, पिन मोबाइलला लावली आणि गाणं सुरू केलं.

"ह्ये बघा!" तो ओरडून बोलू लागला, कारण स्वतःचाच आवाज त्याला येत नव्हता. "हितं ढोल येतो! आता! आता! बघा, बेस कसा गोल हाय!"

"पोरा," चाचींनी आतून हाक मारली, "आमटी झाली, भाकरी टाकतेय, हात धू."

"गोल!" बिरू ओरडला. "भोपळ्यासारखा!"

"अरे बिरू!"

"मधी बाईचा आवाज बी येतो, पर लांबनं!"

चाचांनी त्याच्या डोक्यावरून हेडफोन उचलला. अलगद. झाडावरचं फळ काढावं तसा. मग खोलीच्या कडेला गेले. पक्के वाळलेले दोन भोपळे शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्ही माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे मोठे. एकाला लाकडाचा घातला, दुसऱ्याला जाळीचा. आणि समोर मांडी घालून बसले.

बराच वेळ बसले...

"काय करताय चाचा?"

"ह्या दोघांना विचारतोय."

बिरूनं भोपळ्यांकडे बघितलं. भोपळे खरंच विचार करत असल्यासारखे दिसत होते.

"मग? काय म्हणले?"

"म्हणतात, दोन्ही चांगले."

"त्यांचं काय जातंय? डोकी रिकामी हायत."

"हो ना. तुझ्यात त्रेचाळीस व्हिडिओ आहेत."

 एकदम बिरूचा आवाज चिरकला. "तुमाला चेष्टा सुचतीय चाचा. माझा भाऊ गेलाय. शेवटचं एक काम सांगून गेला. एकच. चुकून चांगला विलासला दिला आणि दुसरा मी ठेवला, तर? अण्णाला काय... कुठं जाऊन विचारू मी परत?"

चाचा त्याच्याकडे वळले नाहीत. ते हेडफोनच्या गाद्यांकडे बघत होते. कानाला टेकतात त्या मऊ गाद्यांकडे. वाकून वास घेतला. एकीचा घेतला, दुसरीचा घेतला.

"लाकडाच्या गाद्या कोऱ्या आहेत."

"मीच बदलल्या," बिरू नाक पुसत म्हणाला. ह्या बाबतीत त्याला थोडा अभिमानही होता. "जुन्या लई घाण होत्या चाचा. काळ्या मिट्ट. तेलकट. म्हणलं तुमच्याकडं न्यायचाय, बरा दिसू दे. शिवाय दोघांची बरोबरी करायची तर दोघांच्या गाद्या सारख्या पायजेत. तसं व्हिडिओत सांगत्यात."

"आणि जाळीच्या?"

"त्या पयल्यापासनंच कोऱ्या. अण्णानं त्यो वापरलाच न्हाई, घेतला आणि लगेच दवाखान्यात गेला. खोक्यात होता."

चाचा आता वळले.

"जुन्या गाद्या कुठं आहेत?"

"असतील की. गाडीच्या डिकीत. पान्यांबरोबर." बिरूनं जरा थांबून पुढं सांगितलं, "येताना गाडी मिसिंग मारत हुती. एकीनं प्लग पुसला."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. पन्नास वर्षांत कुणी त्यांच्या घोडीवर हातोडा मारला असता, तरी त्यांनी असं बघितलं नसतं.

"आण."

बिरू उठला. बाहेर गेला. डिकी उघडल्याचा, पाने खडखडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मेलेल्या दोन चिमण्यांसारख्या दोन गाद्या होत्या.

चाचांनी त्या जमिनीवर फडक्यावर मांडल्या. आतल्या बाजूला डावी-उजवीची खूण होती.

डावी पापडासारखी चपटी झाली होती. कातडं तडकलेलं, केसांच्या तेलानं काळं पडलेलं. एका कडेला खोल खड्डा.

उजवी फुगलेली होती. पुरीसारखी. प्लगच्या काजळीचा एक पट्टा सोडला, तर तिला काही झालेलं नव्हतं.

"ही नवी आणि ही जुनी काय?" चाचांनी विचारलं.

"न्हाई. दोन्ही एकदमच्या."

चाचांनी चपटी गादी उचलली. डाव्या कानाला लावली. मान डावीकडे कलंडवली, खांदा वर उचलला आणि गादी कान आणि खांदा ह्यांच्यामध्ये दाबून धरली. दोन्ही हात मोकळे पुढं घेतले. बोटं हवेत, नसलेल्या मिक्सरच्या खटक्यांवर.



समोर अण्णा बसला होता. पांढऱ्या दाढीचा, सत्तरीचा, पण अण्णाच.

"असा बसायचा?"

"व्हय," बिरू म्हणाला.  "अस्साच. हेडफोन गळ्यात, आणि एकच वाटी खांद्यानं कानाला दाबून. मी समद्यांम्होरं त्याची नक्कल करायचो. म्हणायचो, बघा बघा, नवरी लाजली. म्हणायचो, अण्णा, मान वाकडी हुईल, मग तुला कोण पोरगी देणार? त्यो निस्ता हसायचा."

"कधीपासनं?"

"काय?"

"मान वाकडी कधीपासनं?"

"पयल्यापासनंच..." बिरू थांबला. "न्हाई. आधी दोन्ही कानांवर घालायचा. लाकडाचा घेतला तवा तर आठवडाभर काढलाच न्हाई. जेवताना बी..."

त्याची नजर आपल्या उजव्या मनगटावर गेली. तिथं शिवलेल्याची लांब पांढरी रेघ होती. आत पट्टी होती, सहा स्क्रूंची.

"माळावरच्या जत्रेनंतर," तो म्हणाला.

चाचा मान कलंडवून तसेच बसून होते.

"मी परांचीवर हुतो. भोंगा टांगत हुतो. वायर उघडी पडली आणि ठिणग्या उडायला लागल्या. मी वरडलो, अण्णा, मेन बंद कर. तीनदा वरडलो. त्यो खाली पाच हातांवर, पाठमोरा. दोन्ही कानांवर ह्यो लाकडाचा. त्याला कायबी..." बिरूनं मनगट चोळलं. "मग मी उडीच टाकली."

आत चाची भाकरी थापत होत्या. थप, थप, थप.

"त्यानंतर अण्णानं..." बिरू म्हणाला. उजव्या गादीकडे बघत राहिला. त्या फुगलेल्या, न दबलेल्या, कधी कानाला न लागलेल्या गादीकडे. वर काजळीचा पट्टा होता. तो पट्टा त्यानं अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला. जास्तच पसरला.

"मला वाटलं, स्टाइल मारतोय," तो म्हणाला.

चाचांनी गादी खाली ठेवली. मान सरळ केली, चोळली. "हाय अल्ला, धरली," असं पुटपुटले. मग भोपळ्याच्या डोक्यावरून जाळीचा हेडफोन काढला आणि बिरूपुढं धरला.

"घाल."

"पिन?"

"राहू दे."

बिरूनं घातला. वाढत्या केसांच्या खुंटांवरून तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला. दोन्ही कान पुरते झाकले गेले.

चाचा आपल्या जागी गेले. घोडी उचलली. कानस उचलली.

बिरू बसून राहिला.

कानस फिरली, ते ऐकू आलं. चाचांची फुंकर ऐकू आली. आढ्याचे दोन भोपळे वाऱ्यानं एकमेकांना लागले, टक्. गल्लीत कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. तवा उतरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ...

"बिरू! अरे गार झाल्यावर काय चव राहते काय भाकरीला? ऊठ की रे राजा!"

"आलो चाची!"

त्यानं ओ दिली. उठायला हातही टेकला. आणि तसाच, अर्धवट उठलेला, जागच्या जागी थांबला.

त्याचे हात कानांकडे गेले. हेडफोन तिथंच होता. दोन्ही कानांवर. त्यानं वाट्यांच्या जाळीवरून बोटं फिरवली. सावकाश. आंधळ्यानं तोंड चाचपावं तशी.

चाचा घोडीचा माथा उजेडात धरून बघत होते. त्यांचं बिरूकडे अजिबात लक्ष नव्हतं. निदान तसं ते दाखवत होते.

थोड्या वेळानं बिरूनं भोपळ्यावरचा लाकडाचा उतरवला. खोक्यात घातला.

"ह्यो विलासला देतो," तो म्हणाला. "आजच. जाताना त्याच्या घरावरनंच जातो." मग जरा घुटमळला. "दातांच्या खुणा दिसत्यात चाचा."

"सांग, पारखून आणलाय."

बिरूला हसू आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. ते त्याच्या डोळ्यांवाटे वाहायला लागलं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

"गाद्या नव्या देतो. जुन्या..."

त्यानं फडक्यावरच्या दोन्ही गाद्या उचलल्या. चपटी शर्टाच्या खिशात घातली.

"आणि प्लग पुसलेली?" चाचांनी विचारलं.

"ती बी."

आतून ताट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. ह्यानंतर हाक येणार नाही, हे सांगणारा. बिरू लगबगीनं उठला, दोन पावलं गेला, आणि दारात थबकला. जाळीचा हेडफोन अजून डोक्यावर होता. पिन मागं जमिनीवरून ओढत आली होती. ती त्यानं उचलून तळहातावर घेतली.

"चाचा... मग ही पिन लावायची तरी कधी?"

दस्तगीरचाचांनी घोडीवरून कानस फिरवली. एकदाच. फुंकर मारली.

"कुणी हाक मारत नसेल तेव्हा."